शिल्लक ठेवलेले घोडे

तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी डबी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा.

"साडेआठशे," मी म्हणालो.

"हं." त्यांनी नखानंच डबी उघडली. आत साधा स्क्रूही नव्हता.

डबी लाल होती. लाल म्हणजे डिझेलसाठी, पिवळी पेट्रोलसाठी. खोक्यावर इंजिनाची ताकद ३५ टक्क्यांनी आणि टॉर्क २५ टक्क्यांनी वाढेल असं छापलं होतं. स्टिअरिंगच्या खाली, डाव्या-उजव्या गुडघ्याच्या आसपास एक १६ पिनांचं सॉकेट असतं. सर्व्हिस सेंटरवाला आपला स्कॅनर लावतो ते. त्यात ही डबी खोचायची, वरचं बटण दाबून धरायचं आणि २०० किलोमीटर गाडी चालवायची. तेवढ्यात ती म्हणे तुमची चालवण्याची पद्धत शिकते. माझा अनुभव असा की २०० किलोमीटर हे अंतर मालकाला स्वतःची समजूत घालायला बरोबर पुरतं. दीडशेव्या किलोमीटरला मलाही वाटायला लागलं होतं, की पिकअपमध्ये फरक आहे बरं का.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. "ही १६ नंबरची पिन, बॅटरीचा प्लस. ४ आणि ५ म्हणजे अर्थ. त्यातून करंट येतो. हा एक छोटा कंट्रोलर. हे तीन एलईडी. हे बटण."

"आणि गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं?"

"६ आणि १४ नंबरवर गाडीची बोलाचाली चालते, बरोबर? तिथं ऐकायला-बोलायला वेगळी आयसी लागते. ती यात नाही." त्यांनी भिंग काढून ठेवलं. "दिवे लावायचा प्रोग्रॅम आहे फक्त. लुकलुकतात छान."

२०१८ साली फ्रान्समधल्या क्वार्क्सलॅब या सायबर सुरक्षेच्या कंपनीतल्या लोकांनी असलीच एक डबी उघडली होती. ते काकांपेक्षा एक पाऊल पुढे गेले. डबी लावण्याआधी आणि लावल्यानंतर गाडीच्या वायरींवरून जाणारे सगळे संदेश त्यांनी टिपून घेतले आणि ताडून पाहिले. डबीनं एक शब्द उच्चारला नव्हता. काकांनी मात्र माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. "याचे काय पैसे घ्यायचे," म्हणाले, आणि समोरच्या मिक्सरकडे वळले.

'गाडीत चिप टाकावी का' या प्रश्नाचं उत्तर इथंच संपलं असतं तर हा लेख अर्ध्या पानाचा झाला असता. पंचाईत अशी आहे की चिप या एका शब्दाखाली आपल्याकडे चार-पाच निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यातल्या सगळ्या खोट्या नाहीत. एक-दोन तर चांगल्याच खऱ्या आहेत. गाडीत खरोखर वीस-वीस घोडे जास्तीचे येतात. ते येतात कुठून, आणि आधी कुणाच्या नावावर होते, हे मात्र विकणारा सांगत नाही. मला ते कळायला एक क्लचप्लेट खर्ची पडली.

आधी शब्दाकडे पाहू. १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या ७३२आय या गाडीत बॉशची मोट्रॉनिक ही यंत्रणा आली. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे दोन्ही निर्णय एकाच छोट्या कॉम्प्युटरकडे गेले. पुढच्या दशकात असे कॉम्प्युटर सर्रास झाले. त्यांच्या पोटात ईप्रॉम नावाची एक चिप असायची, सॉकेटमध्ये दाबून बसवलेली. तिच्या पाठीवर एक इवलीशी काचेची खिडकी असे. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडला की आतलं सगळं पुसलं जाई. ट्यूनिंग करणारा माणूस कॉम्प्युटरचा डबा उघडायचा, ती चिप उचकटायचा आणि स्वतः लिहिलेली दुसरी तिथे बसवायचा. तेव्हा चिप खरोखरच 'टाकली' जायची. आता आतली मेमरी वायरीवरून पुसता आणि लिहिता येते, हाताला लागेल असं काही बदलतच नाही. पण वनस्पती तुपाला डालडा म्हणायची आपली सवय जुनी. लॅपटॉप लावून केलेल्या कामालाही गॅरेजात 'चिप टाकली' असंच म्हणतात, आणि या एका क्रियापदाच्या आडोशाला साडेआठशेची लाल डबी आणि तीस हजारांचं रीमॅपिंग शेजारी शेजारी बसतात.

लिहितात ते काय? तक्ते. उजळणीच्या पुस्तकातल्या पाढ्यांसारखे चौकोनी तक्ते. आडवे इंजिनाचे फेरे, उभा पॅडलवरचा पाय, आणि प्रत्येक घरात एक आकडा: एवढ्या फेऱ्यांना, एवढा पाय असताना, इतके मिलिग्रॅम डिझेल. टर्बोचा दाब किती, त्याचा दुसरा तक्ता. धूर होऊ नये म्हणून हवेच्या मानानं डिझेलला लगाम घालणारा तिसरा. गिअरबॉक्सला झेपेल त्यापेक्षा जास्त टॉर्क जाऊ नये म्हणून चौथा. एका डिझेल गाडीत असे तक्ते शेकड्यांनी असतात. रीमॅप करणारा त्यातले काही शोधतो आणि त्यांतले आकडे वाढवतो. त्याच्या धंद्याचं सगळं कौशल्य कुठले आकडे वाढवायचे नाहीत हे कळण्यात आहे.

आकडे वाढवले की ताकद का वाढते, हे समजून घ्यायला लोहाराचा भाता डोळ्यासमोर आणावा. कोळसा कितीही ओता, हवा मिळाल्याशिवाय तो फुलत नाही. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाला भाताच नसतो. वातावरण जेवढी हवा आत ढकलेल तेवढीच. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण ठरलेलं, त्यामुळे जास्तीचं पेट्रोल सोडून उपयोग नाही. ट्यूनरच्या हातात उरतो तो ठिणगीचा क्षण थोडा अलीकडे ओढण्याचा उद्योग, आणि त्यातून तीन-चार घोडे मिळतात. १२०० सीसीच्या साध्या पेट्रोल गाडीवर कुणी रीमॅपचे पंधरा हजार मागत असेल, तर ते पैसे बायकोला पैठणीसाठी द्यावेत, फरक निदान डोळ्याला दिसेल.

टर्बो म्हणजे भाता, आणि तोही धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा. डिझेल इंजिनात हवा मुळात जरुरीपेक्षा जास्तच घेतात आणि ताकद ठरते डिझेल किती सोडलं यावर. म्हणजे भाता थोडा जोरात चालवला आणि वरून डिझेलची धार वाढवली की घोडे वाढणारच. टर्बो डिझेलमध्ये २०-२५ टक्के वाढ ही थाप नव्हे. टर्बो पेट्रोललाही हेच लागू, फक्त तिथली गणितं जास्त नाजूक.

हेच काम स्वस्तात करणारी एक वस्तू मधल्या काळात फार खपली, ट्यूनिंग बॉक्स. डिझेल इंजिनात कॉमन रेल म्हणून एक नळी असते. तिच्यात डिझेल हजार-दीड हजार बारच्या दाबानं कोंबलेलं असतं. आपल्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार असतात, त्यावरून अंदाज घ्या. या नळीवरचा सेन्सर कॉम्प्युटरला साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या भाषेत दाब कळवत असतो. बॉक्स या दोघांच्या मध्ये बसतो आणि खोटं बोलतो. सेन्सरनं सांगितलं १३५०, तर हा पुढे कळवतो १२००. डब्यात साखर भरपूर असताना मालकिणीला 'संपत आली' असं सांगणारा गडी असावा, तसा. कॉम्प्युटर बिचारा आणखी दाब वाढवतो, जास्त डिझेल पडतं, गाडी पळते. पण खरा दाब किती झाला हे आता गाडीत कुणालाच ठाऊक नसतं, आणि जी यंत्रणा धोक्याची वेळ आल्यावर लगाम ओढणार होती, तिलाच आपण आंधळी करून बसलेलो असतो.

खोटं बोलण्याच्या या शाळेतला सर्वांत धाकटा विद्यार्थी म्हणजे दोन-चार रुपयांचा रेझिस्टर. तोही 'परफॉर्मन्स चिप' म्हणून शंभरपट भावानं विकला गेलेला आहे. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या जागी तो लावायचा. मे महिन्यात हडपसरला उभ्या असलेल्या गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, आपण डिसेंबरात महाबळेश्वरला आहोत. थंड हवा घट्ट असते म्हणून तो पेट्रोल वाढवतो. सायलेन्सरच्या नळीत बसलेला ऑक्सिजन सेन्सर ही बनवाबनवी लगेच पकडतो आणि पेट्रोल परत पूर्ववत करतो. नफा शून्य.

आता माझी क्लचप्लेट.

२०१३ साली मी १३०० सीसीची एक डिझेल हॅचबॅक घेतली. इंजिन मूळ फियाटचं, १२४८ सीसीचं मल्टिजेट. २००५ साली त्याला आपल्या गटातला 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा मान मिळाला होता. आपल्याकडे ते रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारी एमआयडीसीत बनायचं आणि मारुतीसाठी मानेसरलाही. मारुती, टाटा, फियाट, तिघांच्या बॉनेटखाली तेच, म्हणून गाड्यांच्या नादी लोकांनी त्याचं नाव 'राष्ट्रीय इंजिन' ठेवलं होतं. एप्रिल २०२०मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले आणि ते आपल्याकडे बंद झालं. गुणी इंजिन, पण एक खोड: २००० फेऱ्यांच्या खाली जीवच नाही. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात की गाडी आधी विचार करायची, मग निघायची.

या इंजिनाचे दोन अवतार होते, ७५ अश्वशक्तीचा आणि ९० चा. माझा ७५ चा. २०१६मध्ये एका ट्यूनरनं मला समजावलं, "साहेब, याच इंजिनातून कंपनी नव्वद काढते. तुमच्यात पंधरा झाकून ठेवलेत, एवढंच. आपण फक्त झाकण काढायचं." ऐकायला किती गोड! आणि अर्धं खरंही. न सांगितलेलं अर्धं असं, की ९० वाल्याचा टर्बो निराळा होता. त्याच्या पात्यांचा कोन बदलायचा, कमी फेऱ्यांतही तो भाता नीट भरायचा. माझ्यातला भाता साधा, पक्क्या पात्यांचा. इंजिनाचं नाव एक म्हणून आतला ऐवज एक, असं नसतं. सख्ख्या भावांच्या पगारातही फरक असतोच की.

सोळा हजार मोजले. त्यानं बॅटरीला चार्जर लावला, लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर गाडीचा मेंदू जागच्या जागी मरतो म्हणून. मग लॅपटॉपवर माझ्या गाडीची मूळ फाइल उतरवून घेतली आणि ती ई-मेलनं कुठेतरी पाठवली. आम्ही चहा प्यायलो. तासाभरात सुधारलेली फाइल परत आली. म्हणजे माझ्या गाडीचे आकडे ज्यानं बदलले त्यानं ती गाडी पाहिलेली नव्हती, आणि ज्यानं पाहिली होती त्याला आकडे बदलता येत नव्हते. हे मला तेव्हा खटकलं नाही. वेड लागलेल्या माणसाला काहीच खटकत नाही.

आणि खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने स्वर्ग होता. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला ट्रकच्या मागं अडकलं की पूर्वी दुसरा गिअर टाकून, इंजिनाचा आक्रोश ऐकत बाहेर पडावं लागे. आता तिसऱ्यातच पाय दाबला की पाठ सीटला चिकटे. त्या एका वळणासाठी मी उगाचच वाईला जाऊ लागलो होतो. आरशात मागे काळ्या धुराचा एक फुगा दिसे, मी नजर रस्त्यावर ठेवत असे. पीयूसीत गाडी व्यवस्थित पास झाली, कारण डिझेलची पीयूसी गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, नुसता ॲक्सिलरेटर दाबून होते. माझा धूर घाटात होता आणि पीयूसीची व्हॅन पेट्रोल पंपावर.

अकराव्या महिन्यात त्याच घाटात, त्याच तिसऱ्या गिअरमध्ये, काटा २००० वरून एकदम ३००० वर गेला आणि गाडी मात्र होती तिथंच. मग तो वास आला. ज्यानं एकदा घेतलाय तो कधी विसरत नाही, ब्रेक आणि जळका कागद यांच्या मधला कसला तरी. रखडत रखडत सुरूर फाट्यापर्यंत पोचलो. तिथल्या मेस्त्रीनं गाडी चौथ्यात टाकून, हँडब्रेक ओढून क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते गुरगुरत राहिलं.

"प्लेट गेली," तो म्हणाला. "किती चाललीय?"

"सत्तर हजार."

"सत्तराला जायची न्हाई ही. साधी चालीवता तुमी, दिसतंय की." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, एखादा डॉक्टर दारूबद्दल विचारतो तसं विचारलं, "चिप टाकलीय का?"

क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी आणि पुण्यापर्यंतचं टोइंग मिळून साडेसतरा हजार. चिपपेक्षा दीड हजार जास्त.

गंमत म्हणजे, मालकाला जी गोष्ट सुखावते तीच क्लचला खाते. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. वरच्या फेऱ्यांत घोडे वाढवले तर ते रोजच्या वापरात जाणवत नाहीत, कारण तिथं आपण जातोच कधी? म्हणून ट्यूनर टॉर्क वाढवतो, आणि तोही खाली, २००० च्या आसपास. मूळच्या १९० न्यूटन-मीटरचे २३०-२३५ होतात. गाडी ओढायला लागते, पैसे वसूल वाटतात. पण नेमक्या याच जागी क्लचला घट्ट धरून राहायचं असतं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

कंपन्या स्वतः काय करतात पाहा. महिंद्राची एक्सयूव्ही७०० घ्या. २२०० सीसीचं डिझेल इंजिन, वरच्या मॉडेलांत १८५ अश्वशक्ती. ऑटोमॅटिक घेतली तर टॉर्क ४५० न्यूटन-मीटर, हातानं गिअर टाकायची घेतली तर ४२०. स्कॉर्पिओ-एनमध्येही तेच, ऑटोमॅटिकला ४०० आणि मॅन्युअलला ३७०. अश्वशक्ती तीच, आणि ३० न्यूटन-मीटर सोडून दिले! ज्यांनी इंजिन बनवलं, ज्यांच्याकडे सगळ्या फाइली आहेत आणि ज्यांना माहितीपत्रकावर मोठा आकडा छापायला नक्कीच आवडला असता, त्यांनी गिअरबॉक्स पाहून हात आखडता घेतला. इंजिनात शिल्लक असते ती विसरून राहिलेली नसते. तिच्यावर वेगवेगळ्यांची नावं लिहिलेली असतात: क्लचचं, गिअरबॉक्सचं, विदर्भातल्या ४५ अंशांच्या दुपारचं, आडगावच्या पंपावरच्या भेसळीच्या डिझेलचं, पहिल्या सर्व्हिसनंतर ऑइल बदलायचंच विसरणाऱ्या मालकाचं. आणि शेवटी, गाडी लाखभर किलोमीटर बिनतक्रार चालेल या शब्दाचं. आपण ही ठेव मुदतीआधी मोडतो. मोडता येते, तो भाग खरा.

या धंद्यात सरळ माणसंही आहेत, हे मला भोसरीच्या एका शेडमध्ये कळलं. तिथं डायनो आहे, म्हणजे जमिनीत बसवलेले रोलर. गाडीची पुढची चाकं त्यांवर चढवतात, चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळून बांधतात, समोर पंखा लावतात आणि चौथ्या गिअरमध्ये इंजिन लाल रेषेपर्यंत नेतात. गाडी जागेवर राहून सुसाट धावते. शेडचे पत्रे थरथरतात. पोळ्यातल्या बैलासारखी ती ओढ घेत असताना तिच्या समोरून जायची माझी तरी हिंमत झाली नाही.

मी गेलो तो एप्रिलचा महिना होता. टर्बो पेट्रोल हॅचबॅक लावली होती, चाकणला बनलेली एक लीटरची पोलो टीएसआय, कागदोपत्री ११० अश्वशक्ती. पोलो आपल्याकडे २०२२मध्ये बंद झाली तरी पुण्यातल्या तरुण पोरांचा जीव अजून तिच्यातच अडकलेला आहे. पहिल्या धावेत आला त्यापेक्षा पाचव्या धावेत आकडा कमी आला. इंजिन, शेड आणि आम्ही, सगळेच तापलो होतो. "लोकांना पहिल्या धावेचा कागद देतात," मालक हसत म्हणाले. "थंड गाडी, रात्रीची वेळ. वर परत करेक्शन." करेक्शन म्हणजे हवेचं तापमान आणि दाब यांचा हिशेब धरून आकडा दुरुस्त करायचा. शास्त्रीय गोष्ट आहे, पण स्क्रीनवर तापमान कुठलं भरायचं हे माणसाच्या हातात. शिवाय रोलर मोजतात चाकावरची ताकद. इंजिनावरची किती, ते गिअरबॉक्समधली तूट गृहीत धरून काढतात. पंधरा टक्के धरली की एक उत्तर, वीस धरली की दुसरं. म्हणून आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद एकाच दिवसाचे, एकाच रोलरवरचे असतील तरच त्यांना काही अर्थ.

मी त्यांना ई-मेलनं येणाऱ्या फाइलींबद्दल विचारलं. "जर्मनीच्या फाइलीत जर्मनीचं पेट्रोल असतं," ते म्हणाले. हे वाक्य मी तिथंच टिपून घेतलं. तिकडचे लोक ९८ ऑक्टेनवर आकडे ठरवतात. आपलं साधं पेट्रोल अनेक वर्षं ९१ चं होतं. दाब वाढवला आणि ऑक्टेन कमी पडला, की पेट्रोल ठिणगीपासून निघालेल्या ज्वाळेची वाट न बघता स्वतःच भडकतं; इंजिनातून खडे हलवल्यासारखा आवाज येतो. नॉक सेन्सर तो ऐकून ठिणगी मागे ओढतो, म्हणजे विकत घेतलेले घोडे निमूटपणे परत जातात. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२०मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, ते मोजक्या पंपांवर आणि दणदणीत भावात. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ च्या घरात गेला आहे, हे ट्यूनरच्या पथ्यावर पडलं. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, त्यामुळे तेवढ्याच कामाला जास्त माल जाळावा लागतो. एक हात वर, एक हात खाली.

निघताना त्यांनी मला एक छोटी काळी डबी दाखवली, तीन बटणांची. पॅडल बॉक्स. "सगळ्यात जास्त खपतो, आणि ग्राहक सगळ्यात खूश याचाच." हल्लीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला तार नसते, पाय किती दाबला ते विजेच्या इशाऱ्यानं कळवलं जातं. हा मध्ये बसून अर्ध्या पायाला पाऊण म्हणून सांगतो. इंजिनाची ताकद रतीभरही वाढत नाही. पूर्ण पायाला जे मिळत होतं तेवढंच मिळतं, फक्त जरा लवकर. माझ्या मित्रानं लावला होता. त्याची आई मागच्या सीटवर बसून म्हणाली, "गाडी आता दचकते रे." त्यानं तो काढला. पण आठ हजारांत ज्यांना फक्त दचकणंच हवं होतं, त्यांची फसवणूक झाली असं मला म्हणवत नाही.

ॲव्हरेजचं काय, हे मराठी माणसानं विचारल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. सगळेच विकणारे सांगतात की ताकद वाढते आणि ॲव्हरेजही वाढतं. तत्त्वतः थोडं शक्य आहे. खालचा टॉर्क वाढल्यानं वरचा गिअर लवकर टाकता येतो. पण त्यासाठी पूर्वीसारखंच सबुरीनं चालवायला हवं, आणि सबुरीनंच चालवायचं तर सोळा हजार दिले कशाला? माझं १९ वरून १६.५ वर आलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं गेल्या काही दशकांत इंधन वाचवण्याचा दावा करणाऱ्या शंभरावर वस्तू तपासल्या, आणि बहुतेकांच्या नावापुढे भोपळा लिहिला.

कायद्याकडे थोडं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की कंपनीनं मुळात नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२-ए हे कलम आलं. अवैध फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावरचा हवालदार तुमचा तक्ता उघडून बघणार नाही, हे मलाही कळतं. बघणारे दुसरे दोघे आहेत. एक वॉरंटीचा दावा तपासणारा: फोक्सवॅगन-ऑडीच्या सर्व्हिसमध्ये ट्यून केलेली फाइल सापडली की गाडीच्या नावापुढे 'टीडी१' अशी खूण पडते, आणि मूळ फाइल परत टाकली तरी ती पुसली जात नाही. दुसरा विम्याचा सर्व्हेअर. फेरफार कळवला नसेल तर दावा नाकारायला त्याला आयतं निमित्त मिळतं. व्होल्वोनं युरोपात पोलस्टारच्या नावानं स्वतःच रीमॅप विकलं आणि वॉरंटीही शाबूत ठेवली. आपल्याकडे तसा रस्ता असता तर हा लेख निराळा झाला असता.

आकडे बदलायचा मोह फक्त गिऱ्हाइकाला होतो असंही नाही. कोथरूडच्या वरच्या टेकडीला आपण तिथल्या संस्थेवरून एआरएआय टेकडी म्हणतो, सकाळी फिरायला जातो. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत गाड्यांचा धूर आणि ॲव्हरेज मोजून त्यांना रस्त्यावर यायचा परवाना मिळतो. खोलीतल्या रोलरवर, ठरलेल्या चालीनं, ९० च्या वर न जाता. २०१५ साली अमेरिकेत उघड झालं, की फोक्सवॅगनच्या ईए१८९ डिझेल इंजिनांना परीक्षा चालू आहे हे ओळखता येतं आणि तेवढ्यापुरती ती शहाण्यासारखी वागतात. एआरएआयनं इथल्या गाड्या रस्त्यावर चालवून तपासल्या, फरक निघाला, आणि त्या डिसेंबरात कंपनीनं भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलवायचं जाहीर केलं. दुरुस्ती कसली? मुख्यतः रीमॅप! एका अर्थानं देशातलं सर्वांत मोठं रीमॅपिंग कंपनीनं, फुकट, घोडे काढून घेण्याच्या शंकेसकट केलं.

बीएस-६ डिझेलवाल्यांच्या बाबतीत मात्र मी चेष्टा सोडून बोलतो. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. शहरात सिंहगड रोडच्या गर्दीत रोज चार-पाच किलोमीटर चालवली की तो भरतो, कारण काजळी जाळायला लागणारी उष्णता जमतच नाही, आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरवाला लाखभराचा आकडा सांगतो. मग गल्लीतला कुणीतरी म्हणतो, "काढून टाकू, फाइलीतून ऑफ करू, वर वीस घोडे फुकट." अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०२०मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे तिथं दहा वर्षांत साडेपाच लाखांवर डिझेल पिकअप गाड्यांतली धूर रोखणारी यंत्रणा अशीच काढली गेली होती. माझ्या क्लचप्लेटचे पैसे मी भरले. या काजळीचे शाळेच्या रिक्षात मागे तोंड करून बसलेली पोरं भरतात. गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर एका लयीत चालवली तर बऱ्याचदा डीपीएफ आपला आपण साफ होतो. तेवढंही जमत नसेल तर डिझेल घ्यायचीच नव्हती.

मला कुणी विचारलं तर मी आता आधी उलट विचारतो: टर्बो आहे का? वॉरंटी संपली का? क्लच नवा आहे का? तिन्हींना 'हो' असेल आणि तरी हौस असेल, तर जो डायनोवर आधी आणि नंतर दोन्ही मोजून देतो, मूळ फाइल पेनड्राइव्हवर हातात ठेवतो आणि टॉर्क किती ठेवू असं स्वतःहून विचारतो, त्याच्याकडे जा. विम्याचं आणि कायद्याचं जोखीम-खातं स्वतःच्या नावावर आहे हे धरून जा. नाहीतर तेवढ्याच पैशांत चार चांगले टायर येतात. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर मोटारीला मुभा ताशी शंभरची, आणि शंभराच्या जागी एकशेवीसनं धावणारी गाडी थांबवायला ४४ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. त्या कामाला चिप येत नाही. हे मी सांगतो आणि समोरचा मान डोलावून, शेवटी भोसरीच्या शेडचा पत्ता विचारतो.

मी माझी गाडी क्लच बदलल्यावर पुन्हा मूळ फाइलीवर आणली. पहिले पंधरा दिवस ती आजारी असल्यासारखी वाटली. गेल्या वर्षी विकायला काढली तेव्हा बारामतीचा एक पोरगा बघायला आला, विशी-बाविशीतला. त्यानं रंग पाहिला नाही, टायर पाहिले नाहीत, एसी लावून बघितला नाही. बॉनेट उघडलं, टर्बोच्या पाइपाला हात लावून ऑइल आहे का पाहिलं, चौथ्यात हँडब्रेक ओढून क्लच सोडला. इंजिन गचका खाऊन बंद पडलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

"काका, क्लच कुठला टाकलाय? कंपनीचा का हेवी ड्यूटी?"

"हेवी ड्यूटी," मी म्हणालो, आणि खिशातला पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला.